कर्जमाफीच्या मोहिमेवर निघताना

प्रिय,

झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, चर्च-संघटनेत कर्जाच्या प्रश्नावर काम करायचं ठरवलंस, छान झालं. अर्थमंत्र्यांपुढे बायबलमधली कोणती वचनं ठेवावीत, असं तू विचारलं आहेस. माझं मत विचारशील तर एकही नको. 'लेवीय'चा पंचविसावा अध्याय, म्हणजे पन्नासाव्या, 'ज्युबिली'च्या वर्षी गुलामांची सुटका आणि गेलेली जमीन परत, हा रविवारी जमणाऱ्या मंडळींसाठी ठेव. तिथे त्याचं मोठं काम आहे. मंत्री तो आदराने ऐकतील, चहा मागवतील आणि तुझी वीस मिनिटं संपतील.

'ज्युबिली 2000' मोहिमेचं नाव याच अध्यायातून आलं. 16 मे 1998 रोजी बर्मिंगहॅममध्ये जी-8 या बड्या देशांच्या गटाच्या परिषदेच्या वेळी सुमारे 70,000 माणसांनी हातात हात धरून साखळी केली. त्यातल्या कितीतरी माणसांना तिथवर आणलं ते गावोगावच्या चर्चांनी. पण मागणीकडे बघ: सर्वांत गरीब देशांचं न फेडता येणारं कर्ज 2000 सालापर्यंत रद्द करा. कुणाचं, कोणतं, कधीपर्यंत, सगळं एका वाक्यात. यात हवामान घाला, व्यापार घाला असं सुचवणारे सज्जन तुलाही भेटतील. त्यांना दुसरं पत्रक काढायला सांग.

तेव्हा सही करणारे हात मोजके होते: श्रीमंत देशांची सरकारं, जागतिक बँक, नाणेनिधी. आता तसं नाही. झांबियाने नोव्हेंबर 2020मध्ये रोख्यांवरचं 4.25 कोटी डॉलर व्याज भरलंच नाही. कर्जदार-देश धनको-सरकारांशी बोलून तडजोडीला आला तो जून 2023मध्ये, आणि रोखेधारकांशी त्यानंतरच्या वर्षी. उशिराचं एक कारण म्हणजे चीन, इतर सरकारं आणि खासगी रोखेधारक यांच्यात कुणी किती सोडायचं यावर एकमत होईना. म्हणून 'जगाने कर्ज माफ करावं' असं लिहू नकोस. परदेशी रोखे बहुतेक इंग्लंडच्या किंवा न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली निघतात, तेव्हा खासगी धनकोंना आवरायचं असेल तर तिथले खासदार-आमदार गाठावे लागतात. ब्रिटनने 2010मध्ये असा कायदा केला, पण तो जुन्या कर्जमाफी योजनेतल्या कर्जांपुरता आहे. नवे रोखे त्याच्या बाहेर राहतात. लंडनच्या मंडळींनी आपल्या खासदाराकडे नेमकं काय मागायचं, ते इथे दिसतं.

आता ज्या कामाला तुझा सगळ्यात जास्त वेळ जावा ते सांगतो. लुसाकातलं जेझुइट सेंटर फॉर थिऑलॉजिकल रिफ्लेक्शन, ही कॅथलिक जेझुइट पंथाची संस्था, वर्षानुवर्षं दर महिन्याला एका कुटुंबाच्या गरजेच्या वस्तूंची किंमत काढतं: मक्याचं पीठ, कपेंटा नावाची सुकी मासळी, तेल, कोळसा, साबण, घरभाडं. धर्मसंस्थेने केलेली याहून परिणामकारक वकिली मला क्वचितच दिसली आहे. तू तेच तुझ्या भागातल्या चर्चांतून कर. बाजार तोच, आठवडा तोच, निदान तीन विक्रेते. पीठ 25 किलोच्या पोत्याचं धर, आणि त्याचा प्रकार 'ब्रेकफास्ट' की 'रोलर' ते लिहायला विसरू नकोस, दोन्हींचे भाव वेगळे असतात. कोळसा आणि मासळी स्वतः तोलून घे. महागाईत विक्रेता भाव तोच ठेवतो आणि पिशवी लहान करतो, मग कागदावर महागाई दिसतच नाही.

जुने आकडे जोडताना 1 जानेवारी 2013च्या आधीच्या क्वाचाला, म्हणजे झांबियाच्या चलनातल्या रकमेला, हजाराने भाग, कारण त्या दिवशी चलनातली तीन शून्यं गेली. हे राहिलं की आलेख हास्यास्पद होतो, आणि मंत्रालयातला कनिष्ठ अधिकारीसुद्धा तो बाजूला सारतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकूण कर्जाची तुलना एका वर्षाच्या आरोग्य-खर्चाशी करणं. त्या वर्षी भरायचा हप्ता आणि व्याज घे, आणि तरतूद नव्हे, प्रत्यक्ष झालेला खर्च घे.

मशिदींना सोबत घ्यायचं असेल तर त्यांना लेवीय वाचायला लावू नकोस. कुराणात, दुसऱ्या सूरेच्या 280व्या आयतेत, अडचणीतल्या ऋणकोला सवड द्या आणि सोडून दिलं तर अधिक चांगलं, असं आहेच. प्रस्तावना ज्याची त्याने लिहावी. मागणीचा परिच्छेद मात्र सगळ्यांचा अक्षरशः एक हवा. तो आधी ठरव, सह्या नंतर घे. उलट केलंस तर प्रत्येक समिती एक शब्द बदलेल आणि मंत्रालयात तीन वेगळ्या मागण्या पोचतील.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मोठे देणगीदार 'धर्मसंस्थांशी भागीदारी' म्हणून बोलावतील. जरूर जा. मात्र निवेदनाचा मसुदा कुणी लिहिला आहे ते आधी विचार. झगे घातलेल्या लोकांचा फोटो हवा असतो अशा सभा पुष्कळ भरतात. कर्ज देणाऱ्याच संस्थेकडून मोहिमेला पैसे घेऊ नकोस.

कर्जमाफी झाली की बहुतेक मोहिमा गाशा गुंडाळतात. हे मला सर्वांत खटकतं, कारण पैसा तेव्हाच हलायला लागतो. युगांडात 1991 ते 1995 दरम्यान शाळांसाठी सुटलेल्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोचले होते. मग सरकार रकमा वर्तमानपत्रात छापू लागलं आणि शाळांना फलकावर लावायला सांगितलं, तेव्हा गळती बरीच घटली. 1998मध्ये त्याच देशाने कर्जमाफीतून वाचणारा पैसा 'दारिद्र्य निर्मूलन निधी'त वेगळा ठेवला, म्हणून त्याचा माग काढता आला. तुझ्या मागणीपत्रातही हे कलम पहिल्या दिवसापासून असू दे: वाचलेल्या रकमेसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ, आणि तिमाही वाटप जिल्हावार जाहीर. नंतर मागितलंस तर कुणी देत नाही.

मसुदा एका पानाचा कर आणि पाठव. सोबत पहिल्या महिन्याचे भाव, कच्चे असले तरी चालतील.

तुझा,
एक जुना सहकारी