भटके पशुपालक आणि शेतकरी यांच्यात भांडणं का होतात?

हे वैर पूर्वापार आहे असं धरून तुम्ही प्रश्न विचारलाय. मला ते पटत नाही. मी रायगडातल्या शेतकरी घरातला, म्हणून आमच्याकडे उतरणाऱ्या धनगरांबद्दलच सांगतो.

साताऱ्याच्या फलटण, खंडाळा, माण या कोरड्या भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. ते उतरतात तोवर आमची भातकापणी उरकून खाचरं मोकळी झालेली असतात. पूर्वी शेतकरी स्वतः वाड्यावर, म्हणजे त्यांच्या तळावर, जाऊन गळ घालायचा, आधी आमच्या शेतात मेंढ्या बसवा. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कळप आत घ्यायचा. लेंड्या पडायच्या, मूत जमिनीत मुरायचं आणि पुढच्या पिकाला दिसायचं. बदल्यात तांदूळ किंवा रोख.

मोकळं रान आटलं तिथे बिघडलं. कालव्याचं पाणी पोचलं तिथे उन्हाळी भात आलं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि कळप दिवसा चरायचा त्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनी आंबा-काजूच्या कलमांखाली गेल्या. वनखात्याने रोपवनं चराईला बंद केली. युरियाची गोणी मिळू लागल्यावर लेंडीखताची ओढही कमी झाली.

कळपात चार शेळ्या असतातच. कलमाचा कोवळा शेंडा शेळीने खाल्ला की झाड मागे पडतं, मालक चिडणारच. पण भरपाईचा आकडा गाव ठरवतं आणि त्या गावात धनगराचं मत नसतं, भावकी नसते. मागतील तेवढे पैसे तो देतो, नसतील तर कोकरू उचलून नेतात. बाया तान्ही पोरं घेऊन उघड्यावर बसलेल्या असतात. हा सरळ अन्याय आहे.

नायजेरियातही फुलानी गुराखी आणि शेतकरी यांच्यात शेणाच्या बदल्यात धसकटं चारायचा व्यवहार होता. नदीकाठची ओली जमीन पिकाखाली जात राहिली, तसा तणाव वाढला. बेन्वे राज्याने २०१७ मध्ये मोकळ्या चराईवर बंदी आणली, तरी २०१८ च्या सुरुवातीला तिथे शेतकऱ्यांचं हत्याकांड झालंच. नुसत्या बंदीने काही होत नाही.

आपल्याकडे दिवाळीआधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवता येतील: कुठली खाचरं मोकळी, पाण्यावर जायची वाट कुठून, नुकसानीचा दर किती. वाड्याच्या मुकादमाला विचारूनच ठरवा. तेव्हा ते घाटावर असले तरी फोनवर विचारता येतं, मोबाईल आता प्रत्येक वाड्यावर असतो.