रॅम बदलण्यात अवघड काय आहे?

तुमच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, ब्राउझर आणि एक्सेल एकत्र उघडलं की तो अडखळतो, म्हणून आणखी ८ जीबी स्वतःच बसवायची आहे. पण उघडताना काही तुटेल अशी धास्ती वाटते. बसवता येईल, जरूर बसवा. फक्त ती धास्ती थोडी बाजूला ठेवून खरेदीकडे जास्त लक्ष द्या, कारण बहुतेकांची गडबड तिथेच होते.

मुळात रॅमच कमी पडते आहे का, हे आधी पाहा. नेहमीचं काम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. वापर सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर तुमचा अंदाज बरोबर. निम्मी रॅम मोकळी असूनही जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर तेच पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर, घालवा, फरक कितीतरी जास्त जाणवेल.

त्याच पानावर एकूण स्लॉट (रॅमची पट्टी बसवायच्या जागा) किती, वापरात किती आणि रॅमचा वेग किती हे दिसतं. पण स्लॉटच्या आकड्यावर विसंबू नका; बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन पक्की केलेली रॅमही कधी कधी तिथे स्लॉट म्हणून मोजली जाते. निर्मात्याच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. त्यात रॅमची जागा, कमाल क्षमता, उघडण्याचा क्रम सगळं असतं. एलपीडीडीआर (कमी वीज घेणारा रॅमचा प्रकार) असं लिहिलेलं आढळलं, तर ती जवळजवळ नेहमीच बोर्डावर पक्की असते आणि विषय तिथेच संपतो.

आता प्रकार. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना, डीडीआर५ला २६२, आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. फसवणारी जोडी आहे ती जुन्या लॅपटॉपमधली: डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ व्होल्टची, पिना दोन्हींना २०४. बसते छान, पण फक्त १.३५ व्होल्ट देणारा लॅपटॉप १.५ वाली घातल्यावर सुरूच होत नाही.

कंपनी वेगळी असली तरी सहसा चालतं. वेग वेगळा असेल तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात. ८ला ८ची जोड मिळाली तर उत्तम, कारण ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाण्याचा, फायदा होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो चांगलाच दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं.

बसवणं त्या मानाने सोपं. शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो, आणि चार्जर काढा. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून कागदावर कव्हरचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर आतला भाग फुटू शकतो. कव्हर उचकटायला प्लास्टिकचं कार्ड घ्या. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, तारा न ओढता. मग उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पट्टी कडेला धरून साधारण ३० अंशांत तिरकी सरकवा, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत, आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. काळ्या पडद्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ अर्धवट शिरलेली पट्टी हेच असतं.

पहिल्यांदा सुरू करताना थांबा. विशेषतः डीडीआर५ असेल तर नव्या रॅमशी जुळवून घेताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाईने पॉवर बटण दाबून बंद करू नका. तरीही काही आलं नाही, तर एकेक पट्टी आळीपाळीने लावून दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये ते शोधा. सुरू झाला तरी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा, आणि एकही चूक दाखवली तर पट्टी परत करा.

मॉडेल क्रमांक आणि टास्क मॅनेजरमध्ये दिसलेला वेग इथे लिहिलात, तर नेमकी कोणती पट्टी घ्यायची ते सांगतो.