वाचकांचे प्रश्न : चिल्ला, लोबान आणि बंद खिडकी

प्रश्न : कुर्ल्यातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत रात्री चिल्ल्याला, म्हणजे चाळीस दिवसांच्या नेमाच्या जपाला, बसतो. डास येतात म्हणून दार-खिडकी बंद असते. पहिला आठवडा बरा गेला. आता लोबान टाकून अर्धा तास झाला की डोकं जड होतं, मळमळतं, छातीवर दाब येतो आणि कोपऱ्यात कुणी उभं आहे असं वाटतं. ही जिन्नांची हजेरी समजायची का?

उत्तर : आधी खिडकी उघडा, मग हजेरीचं बोलू. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग. रक्तात ऑक्सिजनने बसायच्या जागी तो बसतो आणि तुम्ही सांगितलेली जवळजवळ सगळी लक्षणं दाखवतो. लोबानाचा सुगंध दरवळत असल्यामुळे हवा बिघडली आहे हे नाकाला कळत नाही, खरा घोटाळा तिथे आहे. परीक्षा सोपी आहे : तीन रात्री तोच वजीफा (नेमाचा जप), तीच वेळ, पण कोळसा नाही. कोपऱ्यातला पाहुणा आला नाही, तर तो धुरासोबतच येत होता.

पुढे लोबान वापरायचाच असेल तर निखारा गॅलरीत पेटवा आणि वरून राखाडी झाल्यावरच धुपाटण्यात घेऊन आत आणा. झटपट पेटणाऱ्या गोल वड्यांत सोरा असतो, त्यांचा पहिला धूर घरात नको. अशा खोलीला एक छोटा निखारा आणि हरभऱ्याएवढा लोबान पुरे. वजीफा सुरू होण्यापूर्वी धूप फिरवून धुपाटणं पुन्हा बाहेर ठेवा. निखारा खोलीत ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. चांगल्या लोबानाला व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो. टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला तर राळेची भेसळ समजा. आणि हिसाराचं (संरक्षणाच्या वर्तुळाचं) म्हणाल, तर कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत स्वतःभोवती आखायच्या त्या रेघेला दार-खिडकी बंद लागते असं कुठेच नाही. डासांना जाळी लावा.

खिडकी उघडी ठेवूनही त्रास राहिला तर झोप आणि जेवण बघा. परहेज म्हणजे चिल्ल्याचं पथ्य. जलाली परहेजात मांस, मासे, अंडी सुटतात. जमालीत दही-लोण्याबरोबर काही जण मीठही सोडतात. मुंबईच्या ऑक्टोबरच्या घामात मीठ सोडून, वर रोजा धरून, चार तास झोपणाऱ्याला चक्कर येणारच. अपुऱ्या झोपेत पहाटे जाग येते, पण अंग हलत नाही आणि कुणीतरी उरावर बसल्यासारखं वाटतं. मेंदू जागा झालेला असतो, स्नायू अजून स्वप्नाच्या अवस्थेत सैल असतात. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा. दिवसाढवळ्या आवाज ऐकू येऊ लागले, ते हुकूम देऊ लागले, तर चिल्ला त्याच दिवशी थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन मोफत आहे.

प्रश्न : चिल्ल्यातल्या सव्वा लाख जपाचा हिशेब कसा बसवायचा? एक दिवस चुकला तर? (भायखळा)

उत्तर : १,२५,००० भागिले ४० म्हणजे रोज ३,१२५. शंभर मण्यांच्या तसबीचे ३१ फेरे आणि वर २५ मणी. अल्लाहच्या छोट्या नावाला दीड सेकंद धरला तरी सव्वा तासाच्या वर वेळ जातो. वेळ, जागा आणि आकडा बदलू नका. फेरे मोजायला ३१ चिंचोके वाटीत ठेवा, एकेक बाजूला काढा. मोबाइलवरचा काउंटर मध्येच संदेश दाखवतो, मन तिथेच सुटतं. चुकलेल्या दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचा नसतो, जुनी रीत म्हणजे चिल्ला पहिल्यापासून सुरू करायचा. 'या लतीफ' हे नाव एका बैठकीत १६,६४१ वेळा म्हणू नका. अबजद हिशेबाने (प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेला आकडा धरून) 'लतीफ'चे १२९ होतात आणि तो आकडा १२९ गुणिले १२९ चा. सेकंदाला एक म्हटलं तरी साडेचार तास. नवख्याला १२९ खूप झाले.

प्रश्न : माहीमला भेटलेले एक आमिल (तावीज-उतारा करणारे) म्हणतात, एकवीस हजारांत जिन्न ताब्यात देतो; सुलेमान पैगंबरांकडेही होते.

उत्तर : होते, पण कुराणात (३४:१२) ते अल्लाहच्या हुकमाने राबतात, आणि ३८:३५ मध्ये सुलेमान 'माझ्यानंतर कुणाला मिळू नये' असंच राज्य मागतात. हदीसमध्ये मुहम्मद पैगंबरांनी नमाजात आड येणाऱ्या इफ्रितला (बलाढ्य जिन्नाला) धरलं, मशिदीच्या खांबाला बांधायचं मनात आणलं, आणि सुलेमानांची हीच दुआ आठवून सोडून दिलं. ते जिथे थांबले तिथे एकवीस हजारांची पावती कशी फाडली जाते, हे त्या आमिलांना विचारा. माणसं जिन्नांचा आसरा घेत आणि त्यातून बिघाडच वाढे, हे ७२:६ मध्ये आहे. बहुतेक उलेमा म्हणूनच जिन्नांकडे मदत मागणं नाजायज मानतात. पैसे देऊ नका. अंगात शिरलेलं काढायचं म्हणून मारहाण, चटके किंवा कोंडून ठेवणं सुरू झालं, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षांची कैद आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.

प्रश्न : अरबी येत नाही. झोपण्यापूर्वी काय म्हणावं? (गोवंडी)

उत्तर : दोन्ही तळवे जोडून सूरह ११२, ११३, ११४ म्हणा, त्यात फुंकर घाला, डोक्यापासून जमेल तिथवर अंगावरून हात फिरवा. असं तीनदा. मग एकदा आयतुल कुर्सी (२:२५५). देवनागरी पुस्तिकेवरून पाठ करू नका, त्यात अरबीतले वेगवेगळे उच्चार एकाच अक्षरावर येतात. मशिदीतल्या हाफिजांकडून (कुराण मुखोद्गत असलेल्यांकडून) ऐका आणि एका वेळी एकच आयत घ्या.