वाचकांचे प्रश्न: एत्रुस्कन वाचता येते, मग कळत का नाही?

प्रश्न: इटलीतल्या प्राचीन एत्रुस्कन लोकांची लिपी वाचता येते, पण भाषा पुरती उलगडलेली नाही, असे वाचले. हे कसे?

उत्तर: बोडो भाषा देवनागरीत लिहितात. तुम्ही ती घडाघडा वाचाल, पण अर्थाच्या नावाने शून्य! इथेही तेच. आर्नो आणि टायबर नद्यांच्या मधल्या मुलखातल्या या लोकांनी लिपी ग्रीकांकडून घेतली, म्हणून उच्चार कळतात. भाषा मात्र ग्रीक-लॅटिनच्या गोत्रातली नाही. त्यात लेख हजारो असले तरी बहुतेक थडग्यांवरचे, म्हणजे नावेच नावे. सर्वांत लांब मजकूर लिननच्या ग्रंथाचा. त्याच्या पट्ट्या फाडून इजिप्तमधल्या एका ममीला गुंडाळल्या होत्या. आज तो झाग्रेबच्या संग्रहालयात आहे.

प्रश्न: थडग्यावरचा लेख वाचायचा कसा?

उत्तर: बहुधा उजवीकडून डावीकडे. आधी व्यक्तीचे नाव, मग कुळाचे. पुढे ‘स’ किंवा ‘अल’ प्रत्यय लागलेले नाव आले की तो बाप किंवा आई. हा प्रत्यय आपल्या ‘चा-ची’सारखा. ‘क्लान’ म्हणजे मुलगा, ‘सेख’ मुलगी, ‘पुइआ’ बायको. बायकांना स्वतःचे नाव असे, ही रोमनांहून वेगळी गोष्ट. शेवटी ‘अविल्स’, आकडा आणि ‘लुपु’ दिसले तर ‘इतक्या वर्षांचा होऊन वारला’.

गाडी अडते ती अक्षरी आकड्यांवर. दोन फाशांवर ठिपक्यांऐवजी शब्द सापडले. थु 1, झल 2, की 3, मख 5 हे इतर लेखांशी ताडून बसले. ‘की’ला तर 1964 साली पिर्गी इथे मिळालेल्या सोन्याच्या पत्र्यांचाही आधार आहे, कारण त्यांत तोच आशय फिनिशियन या अर्थ कळणाऱ्या प्राचीन भाषेतही आहे. उरले ‘हुथ’ आणि ‘सा’. फाशावर ‘थु’च्या समोर ‘हुथ’ आहे. समोरासमोरची बेरीज सात धरली तर ‘हुथ’ 6. फरक तीन धरला तर 4. झल आणि मख दोन्ही हिशेबांत बसतात, म्हणून वाद मिटत नाही.

प्रश्न: एत्रुस्कन 19 आपल्या ‘एकोणीस’सारखाच बनतो. मग संस्कृतशी नाते आहे का?

उत्तर: नाही. ‘थुनेम झाथ्रुम’ म्हणजे विसाला एक कमी, हे खरे. पण तिथे 17 सुद्धा ‘कीएम झाथ्रुम’, विसाला तीन कमी. मोजण्याची रीत जुळली म्हणजे रक्त जुळत नाही. रक्ताचे नाते पाहायचे तर मूळ शब्द पाहा: थु, झल, की. यांत एक, द्वि, त्रि कुठे दिसतात?