रुमालाची वाटी का होते?

प्रश्न : क्रोशाच्या सुईने सुती दोऱ्याचा गोल रुमाल विणतेय. नवव्या फेरीला कडा वर वळून त्याची वाटी झाली. उसवायचा धीर होत नाही. काय करू? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आधी खांब, म्हणजे सुईवर दोरा घेऊन घातलेले उंच टाके, मोजा. सुरुवात १२ खांबांनी असेल, तर दर फेरीला १२ वाढून नवव्या फेरीत १०८ हवेत. कमी भरले की वाटी, जास्त झाले की झालर. बहुतेकदा फेरीच्या आरंभी पहिल्या खांबाऐवजी घातलेल्या ३ साखळी-टाक्यांच्या मुळाशी घालायचा दुसरा खांब विसरतो. चूक सापडेल तिथपर्यंतच उसवा, सगळा रुमाल नाही. पुढे दर फेरीअखेर रंगीत दोऱ्याची खूण अडकवा. रोजची एकच फेरी, पण ती पुरी झालेली डोळ्यांना दिसते, आणि हात आपोआप सुईकडे वळतो. खान्देशातल्या उन्हाळ्यात घामेजल्या बोटांत दोरा अडकून टाके आवळतात. सकाळी गारव्यातच विणायला बसा.