नाशिकहून ८ इंची दुर्बीण आणि डीएसएलआरने सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा फोटो काढता येईल का?

फोटो नाही येणार. पण ग्रह तिथे असल्याचा पुरावा तुमच्याच कॅमेऱ्यातून निघू शकतो, आणि मला त्यात जास्त मजा वाटते.

लांबून पाहिलं तर दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा साधारण १००० कोटी पट तेजस्वी दिसेल, आणि दोघं जवळजवळ चिकटलेले. म्हणून थेट फोटो मिळालेत ते बहुतेक गुरूहून मोठ्या, ताऱ्यापासून लांब आणि वयाने कोवळ्या ग्रहांचे. जन्माची धग शिल्लक असल्याने ते अवरक्त प्रकाशात चमकतात. २००८ साली एचआर ८७९९ भोवतीचे तीन ग्रह असे टिपले, चौथा २०१० मध्ये. त्यासाठी हवाईतली १० मीटर आरशाची केक दुर्बीण आणि हवेची थरथर क्षणोक्षणी दुरुस्त करणारी यंत्रणा लागली.

तो तारा मात्र साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो. महाश्व (पेगासस) तारकासमूहातल्या चार ताऱ्यांच्या मोठ्या चौकोनाची पश्चिमेकडची बाजू धरा. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह १९९५ मध्ये जिथे सापडला तो ५१ पेगासीही तिथेच, दोन्ही एकाच दृश्यात मावतात!

आता तुमचं काम. जंबुक तारकासमूहात डंबेल तेजोमेघाला (एम २७) लागूनच एचडी १८९७३३ हा तारा आहे, प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ७.७. त्याचा ग्रह दर २.२ दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो आणि पावणेदोन तासांच्या आसपास प्रकाश सुमारे अडीच टक्क्यांनी घटतो. नाशिक २० अंश अक्षांशावर, त्यामुळे हा तारा जवळपास डोक्यावरून जातो. शहराचा उजेड क्षितिजाकडे जास्त त्रास देतो, म्हणून कॉलेज रोडच्या गच्चीवरूनही जमेल, अंजनेरीपर्यंत गाडी काढायला नको. पाऊस सरला की ऑक्टोबरची संध्याकाळ उत्तम.

माउंट, म्हणजे दुर्बिणीची बैठक, मात्र ताऱ्यामागे आपोआप फिरणारा हवा, नुसता हाताने फिरवायचा डॉब्सोनियन असेल तर अवघड. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, म्हणजे प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि मोजमाप स्थिर येतं. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये. अधिक्रमणाच्या (ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या) तासभर आधी सुरू करा, संपल्यावर तासभर चालू ठेवा, मग ॲस्ट्रोइमेजजे या फुकट सॉफ्टवेअरमध्ये शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून आलेख काढा. पातळ ढग आले तर ती रात्र सोडून द्या. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आधी नीट जुळवा, नाहीतर आलेखात प्रकाश घटल्याचा खळगा दिसेल पण त्याची वेळ कुणाच्या कामाची नसेल.