‘काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांना श्रीवर्धनहून उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: ‘२०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी अख्खी मुंबई बंद केली, टीव्हीवर दोन दिवस आरडाओरड झाली आणि शेवटी काहीच झालं नाही. हवामान खातं लोकांना उगाच घाबरवतं का? पुढच्या वेळी ऐकायचं का?’

खरं सांगते, वाचून आधी वाईट वाटलं. मग वाटलं, तुमची चूक नाही. तुमच्यापर्यंत जे पोहोचलं त्यावरून तुम्ही विचारताय. जे पोहोचलं नाही ते मी सांगते.

माझं सासर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी मुलांना घेऊन तिथे गेलेली होते, ती तिथेच अडकले. त्यामुळे ३ जूनला आम्ही सहा जण त्या घरात होतो: अण्णा म्हणजे माझे सासरे, सासूबाई, धाकटे दीर, मी आणि माझी दोन मुलं. नवरा डोंबिवलीला.

सकाळी नुसती सर होती. नऊनंतर वारा वाढला आणि अकराच्या सुमारास आवाज बदलला. पावसाळ्यातला वारा मला माहीत होता, तो येतो आणि दम घेतो. हा दम घेतच नव्हता. पुढच्या दाराला आतून अडसर होता, तरी दीर आणि मी पाठ लावून बसलो होतो आणि दार आमच्या पाठीवर श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत होतं. मग वरची कौलं हलायला लागली. आधी एकेक खडखडलं, मग पडवीच्या बाजूची रांगच्या रांग उचलली गेली आणि माजघरात उजेड पडला. अंधारातल्या माजघरात दुपारी एकदम ऊन-पावसाचा उजेड येणं ही गोष्ट मी आयुष्यात विसरणार नाही. सासूबाईंनी मुलांना जुन्या लाकडी पलंगाखाली सारलं आणि स्वतः पुढ्यात बसल्या.

वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मला खिडकीच्या फटीतून दिसत होती. पोफळ वाकते, वाकून परत उभी राहते, म्हणून ती वादळात तगते असं अण्णा सांगायचे. त्या दिवशी त्या वाकल्या, आणि मग मध्यावर पिळवटून मोडल्या. प्रत्येक मोडीचा वेगळा आवाज येत होता. थोड्या वेळाने अण्णांनी खिडकीकडे पाठ केली.

आता इशाऱ्याबद्दल. ३१ मेला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, १ जूनला त्याचं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, झालं, २ तारखेला दुपारी चक्रीवादळ होऊन त्याला बांगलादेशने सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव मिळालं, आणि ३ तारखेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलंसुद्धा. सगळा खेळ तीन-चार दिवसांचा. बंगालच्या उपसागरातलं वादळ पुष्कळदा याहून जास्त सवड देतं, आपल्याकडे ती मिळाली नाही. तरीही हवामान विभागाने वेळ, जागा आणि वेग तिन्ही बऱ्याच जवळून सांगितलं होतं. ‘हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास’ असं ते आदल्या दिवसापासून सांगत होते. वादळ टेकलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. म्हणजे इशारा खरा ठरला. फक्त तो ज्यांच्यासाठी खरा ठरला त्यांचे फोन बंद होते.

मुंबई वाचली त्यालाही कारण आहे, आणि ते नशीब म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, आणि वादळ स्वतःही पुढे सरकत असतं. त्यामुळे त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला दोन्ही वेग एकमेकांत मिळतात आणि डाव्या अंगाला एक दुसऱ्याला खातो. समुद्रात उभं राहून किनाऱ्याकडे, ईशान्येला तोंड केलंय अशी कल्पना करा. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, खाली मंडणगड-दापोली, हे सगळं उजव्या हाताला. मुंबई डाव्या हाताला. आमच्याकडे वारा समुद्रावरून सरळ आत घुसत होता, मुंबईकडे तो जमिनीवरून घासत येत होता. वाट जराशी उत्तरेला सरकली असती तर हे उत्तर तुम्ही लिहिलं असतंत.

म्हणूनच बीकेसीतल्या तात्पुरत्या कोविड केंद्रातले दीडशेच्या आसपास रुग्ण आदल्या दिवशी हलवले, विमानतळ काही तास बंद ठेवला, चौपाट्यांवर जमावबंदी लावली, त्यातलं काहीही मला वाया गेलेलं वाटत नाही. तंबूसारख्या उभारणीत ऑक्सिजनवर माणसं झोपवून ‘बघू या येतंय का’ म्हणता येत नाही.

३ तारखेला संध्याकाळी दिरांच्या फोनवर कुठूनशी क्षणभर रेंज आली आणि धडाधड मेसेज पडले. मुंबईच्या ग्रुपवर कोणी गॅलरीतून पावसाचा व्हिडिओ टाकलेला, खाली ‘वादळ आलं आणि गेलं, कळलंपण नाही’. कोणी टीव्हीवाल्यांवर चिडलेलं. एक मेसेज आदल्या दिवशीपासूनच फिरत होता की १८८२ साली मुंबईत असंच वादळ होऊन एक लाख माणसं मेली. त्या वेळी मुंबईची वस्तीच सात-आठ लाख होती. आठातला एक माणूस मेला असता तर तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी दप्तरात त्याची पानंच्या पानं भरली असती. तशा वादळाचा तिथे मागमूस नाही. अशी भीती आधी पसरते, ती खोटी पडते, आणि मग लोक तिचा राग हवामान खात्यावर काढतात. खात्याने एक लाखाची गोष्ट कधीच सांगितलेली नव्हती.

आणि आम्ही? आम्ही काहीच लिहिलं नाही. दोन ओळींचं उत्तर टाइप करेपर्यंत रेंज गेली ती किती दिवस आली नाही. टॉवर बंद, विजेचे खांब एका रेषेत झोपलेले. कित्येक गावांत महिना-महिना वीज नव्हती. नवऱ्याला आम्ही जिवंत आहोत हे कळायला तीन दिवस लागले, तेही दीर मोटारसायकल घेऊन, रस्त्यात पडलेली झाडं ओलांडत म्हसळ्याच्या पुढे कुठे रेंज मिळते का बघत गेले तेव्हा. त्या तीन दिवसांत वादळाबद्दल जगाचं मत बनून गेलेलं होतं. ज्यांची कौलं शाबूत होती त्यांच्याकडेच बोलायला नेट होतं, एवढं लक्षात घ्या.

पण आमच्या गावानेही इशारा नीट ऐकला असं मी म्हणणार नाही. हे लिहायला जड जातं, पण तुमचा प्रश्न विश्वासाचा आहे आणि त्याचं खरं उत्तर इथेच आहे.

२ तारखेला रिक्षावर भोंगा लावून सांगत गेले: कच्च्या घरांतल्या लोकांनी शाळेत यावं. पोलीस पाटील दारात येऊन उभे राहिले. अण्णा म्हणाले, “आमचं घर कच्चं आहे होय? चिऱ्याच्या भिंती आहेत, ऐंशी वर्षं उभ्या आहेत.” भिंतींबद्दल ते बरोबर होते, भिंतींना काही झालं नाही. पण वारा भिंतींवर येत नाही, छपरावर येतो, आणि छप्पर होतं मंगळुरी कौलांचं. ‘कच्चं घर’ म्हटल्यावर आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर कुडाची झोपडी येते. ‘कौलारू आणि पत्र्याच्या घरांतल्यांनी’ एवढे चार शब्द भोंग्यातून आले असते, तर निम्मं गाव हललं असतं असं मला आजही वाटतं.

दुसरं, ‘अलिबाग’. पट्टा हरिहरेश्वरपासून सांगितला होता, म्हणजे आमच्याच तालुक्यापासून. बातमीत घरंगळत घरंगळत उरलं फक्त अलिबाग. अलिबाग आमच्यापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. शेजारचे काका म्हणाले, “तिकडे जायचंय ते तिकडे.” वादळ म्हणजे नकाशावरचा ठिपका नसतो, शेकडो किलोमीटर पसरलेलं धूड असतं, हे कोणी समजावून सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तिसरं कारण ‘लांडगा आला’चं. जून २०१९ मध्ये वायू वादळ गुजरातेत शिरणार म्हणून तिथे लाखो माणसं हलवली, आणि ते ऐनवेळी समुद्रात वळलं. ऑक्टोबरात क्यार आलं, आमच्या बाजूने वर जाऊन ओमानच्या दिशेने गेलं. मग महा आलं, तेही विरलं. क्यारच्या पावसाने कापणीला आलेलं भात आडवं केलं होतं, पण ‘वादळ’ म्हणून ते कोणाच्या हिशेबात धरलं गेलं नाही. एका वर्षात तीन वेळा ऐकून झालेला इशारा चौथ्यांदा कोण मनावर घेतो? जुने कोळी तेवढे गंभीर होते. त्यांना नोव्हेंबर २००९ चं फयान आठवत होतं, तेव्हा होड्या समुद्रात होत्या आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागेपर्यंत कित्येकांना परतायला वेळच उरला नव्हता. या वेळी बऱ्याच होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या, हे मात्र देवाने राखलं.

आणि चौथं, जे त्या वर्षापुरतंच होतं. ज्या शाळेत जायला सांगत होते तिथे कालपर्यंत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात होते. अण्णा पोलीस पाटलांना म्हणाले, “तिथे रोग, इथे वारा. वारा तरी ओळखीचा आहे.” त्या क्षणी मलाही ते पटलं होतं. माझ्या मुलांसाठी मीच नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी पलंगाखाली त्यांना थरथरताना बघून मला माझ्या त्या ‘नको’चा अर्थ कळला.

नुकसानीचं थोडक्यात सांगते. गावात माणूस गेला नाही, पण वाड्या गेल्या. आमची दहा गुंठ्यांची, माड आणि पोफळीची. श्रीवर्धनची रोठा सुपारी तुम्ही खाल्ली असेल, ती अशाच वाड्यांतली. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात, पण भरात यायला बराच काळ जातो, आणि आमच्या कितीतरी पोफळी अण्णांच्या वडिलांनी लावलेल्या. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. ऐकायला मोठी वाटते. दहा गुंठ्यांना त्याचे होतात पाच हजार रुपये. आडव्या पडलेल्या झाडांचे बुंधे कापून वाडी मोकळी करायलाच त्याहून जास्त मजुरी लागली. इकडे हेक्टर कोणाकडे आहे? इकडे माणूस झाडं मोजतो. म्हणून तेव्हा सगळीकडून झाडागणिक भरपाईची मागणी झाली.

तर, पुढच्या वेळी ऐकायचं का? ऐका. पण कसं ऐकायचं ते सांगते, कारण आम्ही ते फार महाग शिकलो. गावाचं नाव ऐकू नका, पट्टा ऐका, आणि आपण त्या वाटेच्या उजवीकडे आहोत की डावीकडे ते बघा. रंगाचा अर्थ लक्षात ठेवा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे हातपाय हलवा. लाल म्हणजे तुमच्या घरावर वादळ येणारच अशी शपथ नव्हे. आलं तर तेव्हा वेळ उरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि वादळ डावीकडून निघून गेलं, तर मेसेज टाकण्याआधी उजवीकडच्या कोणाला तरी फोन लावून बघा. लागला नाही तर तेच उत्तर समजा.

मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. ते किनाऱ्यावर चढणार नव्हतं, समुद्रातूनच किनाऱ्याला समांतर उत्तरेला गुजरातकडे जाणार होतं. या वेळी मी डोंबिवलीत होते आणि अण्णांचा फोन आला. अलिबागचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. “वर जातंय ना गं? म्हणजे उजवीकडे कोण?” मी म्हटलं, “सगळं कोकण, अण्णा. आणि मुंबईसुद्धा.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, सासूबाईंना घेऊन स्लॅबच्या घरात, चुलत दिरांकडे जातो. मी विचारलं, आत्ताच? तर म्हणाले, आधी वाडीत जातो. निसर्गनंतरच्या पावसाळ्यात लावलेली पोफळीची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. काळोख पडेपर्यंत ते आणि दीर एकेका रोपाला बांबूची काठी देऊन सुतळीने बांधत होते.